वेलिझारमामाची शेवटची बाटली

रास्त्कोचं नेवेनाशी लग्न ठरलं आणि त्याच दुपारी, त्याच अंगणात, रास्त्कोचा मामा वारला. दोन्ही बातम्यांनी मंडळींना सारखंच हायसं वाटलं. पण हे तूर्त विसरून जावं. असं काही झालेलंच नाही. लग्न ठरलेलं नाही, कोणी वारलेलं नाही, आणि मामा तर मुळातच नाही. शनिवारची सकाळ आहे, आणि रास्त्को बेलग्रेडमधल्या एका दारूच्या दुकानात घाम पुसत उभा आहे.

रास्त्को चष्म्याच्या दुकानात काम करायचा. कोणाच्या नाकावर काय शोभेल हे त्याला माणूस दारातून आत येताच कळायचं. नाकाखालून काय आत जावं, याबाबतीत मात्र तो कोरा होता. तो पीत नव्हता. त्या देशात न पिणं ही आवडीनिवडीची बाब नाही. त्याला वैद्यकीय कारण लागतं. रास्त्को कॉलेजात असल्यापासून ‘अँटिबायोटिक्स चालू आहेत’ असं सांगत आला होता. त्याला काहीतरी न बरं होणारं जडलंय अशी मित्रांची समजूत होती, आणि घर बदलताना त्यांनी त्याला कधी कपाट उचलू दिलं नव्हतं.

पण रविवारी मालिन्याकला जायचं होतं. नेवेनाच्या घरी. नेवेनाचे वडील ग्वोझ्देन यांच्या आलुबुखारच्या राकियाला, म्हणजे घरी गाळलेल्या फळाच्या दारूला, गावच्या जत्रेत दर शरदात पहिला नंबर मिळायचा.

“मुलगी मागायला जाताना दोन गोष्टी लागतात,” नेवेनानं त्याला बजावलं होतं. “एक बाटली, आणि बोलणी करायला एक वडीलधारं माणूस. माणूस तुझ्याकडे नाहीच. निदान बाटलीत तरी कमी पडू नकोस.”

माणूस खरंच नव्हता. रास्त्कोचे वडील तो लहान असतानाच गेले. आई ऑस्ट्रियात एका म्हातारीची देखभाल करायची आणि ती म्हातारी तिला सुटी देत नव्हती. काका नाही, आत्या नाही. आई एकुलती एक, म्हणजे मामा-मावशीचाही प्रश्न नाही.

“आणि माणूस नाही म्हणून ते नाही म्हणाले तर?”

“नाही असं बाबा कधीच म्हणत नाहीत. मागच्याला त्यांनी पोटभर जेवू घातलं आणि मग तुझी बस किती वाजता आहे, एवढंच विचारलं.”

तर दुकान. दुकानदार पन्नाशीचा, आणि बाटली हातभर लांब धरून वाचत होता. रास्त्कोला त्याचा नंबर दिसत होता, पण ती वेळ नव्हती.

“काय हवंय?”

“चांगलं.”

“चांगलं काय ते पिणाऱ्यावर असतं. पिणार कोण?”

“सासरे. म्हणजे अजून नाहीत.”

“ते एरवी काय पितात?”

“स्वतःची.”

दुकानदारानं बाटली खाली ठेवली. “मग राकियाच्या फळीकडे बघूसुद्धा नका. स्वतः गाळणाऱ्याला दुसऱ्याची राकिया नेणं म्हणजे सुनेला सासूच्या हातची भाजी नेऊन देणं. चव कशीही असो, भांडण ठरलेलं. वाइनही नको. ती द्राक्षाची, शेवटी फळच. त्यातही ते चूक काढणार. तुम्ही व्हिस्की घ्या. ती धान्याची. फळवाल्याला धान्यातलं कळत नाही, म्हणून तो गप्प बसतो.”

“आणि हे बारा वगैरे लिहिलंय ते?”

“वय. पण पिंपातलं. बाटलीत गेली की तिचा वाढदिवस बंद. तुम्ही ती माळ्यावर वीस वर्षं ठेवा, बाराचीच राहणार. वाइन बाटलीतही वाढते, माणसासारखी. कधी सुधारते, कधी कामातून जाते.”

“आणि सिंगल?”

“एकाच भट्टीतली. एका घरची. ज्यावर तसं लिहिलेलं नाही ती बहुतेक वेळा सरमिसळ. वाईट नसते, पण ती न्यायची मेव्हण्याला.” त्यानं एका पेल्यात थेंबभर ओतून पुढे केली. “असं नाक बुडवू नका, घोडा पाणी पितो तसं. लांबून. तोंड थोडं उघडं ठेवा.”

रास्त्कोनं तोंड उघडं ठेवून पाच-सहा पेले हुंगले. सगळ्यांना भिंगं पुसायच्या स्पिरिटचा वास येत होता. शेवटच्या पेल्यापाशी मात्र तो दचकला.

“याला आग लागली होती का?”

“तिकडं धान्य वाळवायला दलदलीतली माती जाळतात. धूर धान्यात मुरतो. काही लोकांना वेड लागतं, काहींना ठसका.”

रास्त्कोनं तीच घेतली, कारण तीच एक त्याला पुन्हा ओळखता आली असती. दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन घेतल्या. एकच नेली तर यजमान ती जपून ठेवतो आणि पाहुणा कोरडा राहतो, असं त्याचं म्हणणं पडलं. पाहुण्याला कोरडंच राहायचं आहे, हे सांगायचा रास्त्कोला धीर झाला नाही.

रविवारी गाडी नेवेना चालवत होती. अर्ध्या वाटेत पेट्रोल भरायला थांबली तेव्हा तिला मागच्या सीटवरची पिशवी दिसली.

“हे काय?”

“बाटल्या. दोन आणल्यात.”

“रास्त्को, यांच्यावर लेबल आहे.”

“हो ना. छान आहे. दीपगृहाचं चित्र आहे.”

नेवेनानं डोळे मिटून घेतले. “लेबलवाली बाटली कोण आणतो माहितीय? ज्याला अख्ख्या जगात एकही गाळणारा माणूस ओळखीचा नाही, तो. अनाथ.”

“मी आहेच तसा.”

“ते बाटलीवर लिहून न्यायचं असतं का? मागच्यानं लेबलवाली आणली होती. आई तिनं गुडघे चोळते. खोकं अजून फळीवर आहे. बाबा आल्यागेल्याला दाखवतात.”

आता यात नेवेनाची चूक नव्हती. मालिन्याकमध्ये चांगली म्हणावी अशी प्रत्येक गोष्ट मिनरल वॉटरच्या जुन्या प्लॅस्टिकच्या बाटलीतूनच येते. राकिया त्यात, तेल त्यात, चर्चमधलं तीर्थही त्यात. काचेच्या बाटलीत आलेल्या वस्तूबद्दल लोकांच्या मनात पहिला प्रश्न येतो, की ही लपवते काय.

गाडीत रिकामी बाटली नव्हती. म्हणून रास्त्कोनं पंपावरच्या दुकानातून दीड लिटरची भरलेली घेतली, बुडबुड्यांच्या पाण्याची.

“ओतून टाक पटकन,” नेवेना म्हणाली.

पण रास्त्को अशा आईच्या हाताखाली वाढला होता, जी बटाटे उकडलेलं पाणीसुद्धा फेकत नसे. तो प्यायला लागला.

“तू घे ना थोडं.”

“मला नको. मला गॅस होतो आणि गाडी मला चालवायचीय.”

मग त्यानं एकट्यानं, उभ्या उभ्या, मध्ये दोनदा थांबून, दीड लिटर पाणी संपवलं. कागद सोलून काढला. दोन्ही व्हिस्क्या तिच्यात ओतल्या. त्या गळ्यापर्यंत बरोब्बर आल्या. नेवेनानं बाटली लांब धरून पाहिली, “फारच नवी दिसतेय” म्हणाली, आणि गाडीच्या बंपरवर आपटून तिला एक पोचा पाडला. पंपावरचा माणूस हे सगळं बघत होता. दोन भारी बाटल्या प्लॅस्टिकमध्ये रिचवणाऱ्या तरुणाला त्यानं वेडा ठरवलं नाही. “सासुरवाडीला का?” एवढंच त्यानं विचारलं, आणि मान हलवून काच पुसायला लागला. त्याच्या शर्टावर त्याचं नाव शिवलेलं होतं: वेलिझार.

मालिन्याकला पोचेपर्यंत त्या पाण्याला आपलं काम आठवलं होतं. रास्त्को गाडीतून जपून उतरला. दारात नेवेनाची आई स्तानिकाकाकू तबक घेऊन उभ्या. तबकात चेरीचा मुरांबा, चमचे आणि पाण्याचा भला मोठा पेला.

“ये रे बाळा. चमचाभर खा आणि वर पाणी पी.”

“पाणी नको काकू, आत्ताच...”

“पाण्याला नाही म्हणतात का घरात शिरताना? पी. सगळं पी. बघ तरी, कसा घामानं भिजलाय! नेवेना, आणखी एक पेला आण गं याला.”

दोन पेले पिऊन तो अंगणातल्या टेबलापाशी आला. ग्वोझ्देनकाका हा अवाढव्य माणूस. कोणाकडे बघायचं तर ते मान वळवत नसत, आख्खे वळत. ते आख्खे वळले. बाटलीकडे बघितलं. लेबल नाही हे पाहिलं. पोचा पाहिला. चेहरा जरासा सैल झाला. झाकण काढून त्यांनी वास घेतला, आणि अशा वेळी त्या देशात जो एकच प्रश्न विचारतात तो विचारला.

“कोणाची?”

सगळी तयारी झाली होती, हीच राहिली होती. रास्त्कोनं नेवेनाकडे बघितलं, नेवेनानं कोंबड्यांकडे. खरं तर विचार करायला एक मिनिट मिळालं असतं तर त्याला काहीतरी बरं सुचलं असतं. पण त्याच्याजवळ मिनिट नव्हतं. त्याला जगात एकच गोष्ट हवी होती, आणि ती अंगणाच्या त्या टोकाला, खुराड्यामागे, पत्र्याच्या दाराआड होती.

“मामाची,” तो पायावर पाय आवळून म्हणाला.

“कोण मामा?”

“वेलिझार.”

“कुठला?”

“डोंगरातला. मी आलोच!” आणि तो पळाला.

खुराड्यामागून तो परत आला तेव्हा जग त्याला फार सुंदर दिसत होतं. कोंबड्यासुद्धा. पण तेवढ्या वेळात टेबलापाशी मामा वाढीला लागला होता.

“...आणि एक पाय अधू,” नेवेना सांगत होती. “तरी झाडावर स्वतः चढतात. बाग मोठी आहे. एकटेच असतात. मामी सोडून गेल्या.”

“का गं बाई?” स्तानिकाकाकूंनी विचारलं.

“घरी फोन नाही. डोंगरात रेंजही येत नाही.”

“मग बरोबर आहे तिचं,” काकू म्हणाल्या.

ग्वोझ्देनकाकांनी बाटली हलवली. कडेनं उठलेल्या बुडबुड्यांची माळ किती टिकते ते डोळे बारीक करून पाहिलं. एक थेंब तळहातावर चोळून हुंगला. मग लहान पेल्यात घेऊन प्यायले आणि कुंपणाकडे आख्खे वळले.

“मिलादिन! इकडं ये.”

शेजारचे मिलादिन कुंपणाला इतके चिकटून उभे होते की त्यांना यायला वेळच लागला नाही. जत्रेत दरवर्षी दुसरा नंबर यांचा. ग्वोझ्देनकाकांच्या अंगणात कोणाचीही बाटली उघडली की त्यांना झाकणाचा आवाज ऐकू येत असे.

मिलादिन प्यायले. पुन्हा प्यायले.

“धूर आहे,” ते म्हणाले.

“ते मलाही कळतंय.”

“फळं धुराडीत वाळवली असणार. टांगलेल्या हॅमच्या शेजारी.”

“शेजारी नाही. खाली,” ग्वोझ्देनकाका म्हणाले. “चरबी टिपकलीय.”

“छे.” मिलादिननं तिसऱ्यांदा पेला पुढे केला. “गोठा. याचा गोठा जळत होता, ग्वोझ्देन, आणि हा बाबा भट्टीपासून उठला नाही. म्हणाला असेल, जळू दे, धार तुटता कामा नये.” त्यांनी टोपी काढली. “असा माणूस मला एकदा बघायचाय. पोरा, तू का घेत नाहीस?”

“अँटिबायोटिक्स चालू आहेत.”

सगळ्यांनी आदरानं माना हलवल्या.

ग्वोझ्देनकाकांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. “हे बघ पोरा. तू मला वाईट वाटत नाहीस. पण बोलणी मी मुलाशी करत नाही. मुलगा काय, कशालाही हो म्हणतो. तुझं कोणी नाही म्हणून नेवेना सांगत होती, तेव्हा म्हटलं, जेवू घालावं आणि बसची वेळ विचारावी.”

“बाबा, आम्ही गाडीनं आलोय,” नेवेना म्हणाली.

“म्हणून तर अडचण झाली होती. पण आता मामा निघाला. तो इथं माझ्यासमोर येऊन बसला, की मी होकार दिला समज.”

नेवेना हसायला लागली, मग तिच्या लक्षात आलं आणि थांबली.

“ते येऊ शकत नाहीत,” रास्त्को म्हणाला. “पाय.”

“मग आपण जाऊ,” ग्वोझ्देनकाका म्हणाले.

“आत्ता?”

“मी गाडी काढतो!” मिलादिन ओरडले आणि कुंपणावरून उडी मारून गेले. त्यांच्या डोळ्यांपुढे जत्रा दिसत होती, आणि पहिल्या नंबराच्या जागी ग्वोझ्देनऐवजी लंगडत जाणारा एक धुरकट माणूस. स्वतः दुसरेच राहायला त्यांची हरकत नव्हती.

स्तानिकाकाकू आतून चीज भरलेली थरांची पोळी टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या. “जेवण मामांकडेच करू. एकटा माणूस, गरम खाल्लं नसेल कधीपासून.”

“ते आजारी आहेत हो काकू.”

“मग तर गेलंच पाहिजे. सूप घेते.”

“संसर्ग आहे!”

“काय झालंय त्यांना?”

रास्त्कोला आजार असे ठाऊक नव्हते. उपचार एकच ठाऊक होता. “अँटिबायोटिक्स चालू आहेत,” तो म्हणाला.

काकूंचा हात टॉवेलावरच थांबला. त्यांनी रास्त्कोकडे पाहिलं, मग मनातल्या मनात डोंगराकडे, मग पुन्हा रास्त्कोकडे. “म्हणजे त्यांनाही? तुलाही?”

“माझं दाताचं आहे, काकू.”

“आणि त्यांचं?”

“दाताचंच.”

“संसर्गाचं?”

नेवेनानं तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं.

“घराण्यातच आहे काहीतरी,” काकू हळूच म्हणाल्या. “नेवेना, तू जरा इकडं, माझ्या बाजूला येऊन बस बघू.”

नेवेना उठली नाही, पण खुर्ची जरा सरकली. निदान रास्त्कोला तसं वाटलं. सकाळी त्याच्याकडे फक्त मामा नव्हता. आता मामा होता, त्याला रोग होता, तो रोग भाच्याला होता, आणि त्या मामाला बघायला जाण्यासाठी बाहेर मिलादिनचा हॉर्न वाजत होता. खरं सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात ग्वोझ्देनकाका उभे राहिले.

“मामाकडं रिकाम्या हातानं कसं जायचं? माझी एक बाटली नेऊ. चल पोरा, तळघरात. तू एकटाच.”

तळघरात काळोखी थंडी होती. मधोमध तांब्याची भट्टी, तिच्या नळीवर कांद्याच्या माळा टांगलेल्या. ग्वोझ्देनकाकांनी दार लावून घेतलं, कडी घातली, आणि आख्खे वळले.

“दोन घेतल्यास ना?”

“काय दोन?”

“एकीत दीड लिटरची भरत नाही. दोनांत गळ्यापर्यंत येते. मी दोनच घेतो नेहमी.”

रास्त्कोला काही कळेना. मग त्याची नजर अंधाराला सरावली. मोठ्या पिंपामागे पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती, दुकानातली, आणि वरच्या खोक्यावर एक नरसाळं. नरसाळ्यावर धूळ नव्हती. भट्टीवर होती.

“काका... तुमची राकिया...”

“हळू बोल.” ते पिंपावर बसले, पिंप रिकामं असल्याचा आवाज आला. “एका वर्षी गारा पडल्या. झाडावर एक फळ उरलं नाही आणि जत्रा तोंडावर. म्हटलं, एकदाच. बेलग्रेडहून आणली, ओतली, ठेवली परीक्षकांसमोर. पहिला नंबर.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी गाळली की स्वतःची. चाखली. आणि मलाच कळलं, हिला आता नंबर नाही मिळायचा. परीक्षकांच्या जिभा मीच बिघडवून ठेवल्या होत्या.” त्यांनी उसासा टाकला. “तेव्हापासून जातोय. जवळच्या दुकानातून घ्यायची सोय नाही, ओळखतात. लांब जातो, टोपी ओढून. आणि तो दुकानदार गिऱ्हाईक टिकवायला काही ना काही चाखायला देतो. तुझा मामा मी दोनदा चाखलाय.”

रास्त्को खाली बसला. कांद्याच्या टोपलीवर बसला, पण ते त्याला नंतर कळलं. “मग वरच का नाही बोललात?”

“काय बोलू मिलादिनसमोर? ही व्हिस्की आहे? मग तो विचारणार, ग्वोझ्देन, तुला रे कशी कळली?”

बाहेर हॉर्न वाजला.

“मला मामा नाही,” रास्त्को म्हणाला. “कोणीच नाही. तुम्हाला माणूस हवा होता, आणि मला नुसतं ‘कोणाची’ विचारलंत तेव्हा... काका, मला फार जोराची लागली होती.”

ग्वोझ्देनकाका हसले. आवाज न करता, पण पिंप हललं. “आता ऐक. तुला घराबाहेर ठेवणं मला परवडणारं नाही, ही एक गोष्ट. आणि दुसरी. मागचा आला होता, तो स्वतःबद्दलच बोलत बसला. तू आल्यापासून स्वतःबद्दल एक अक्षर बोलला नाहीस, सगळा वेळ मामाचंच. असा जावई मला चालेल. माझा होकार आहे.”

“आणि बोलणी?”

“झाली ना आत्ता.”

रास्त्कोला काकांना मिठी मारावीशी वाटली. त्यानं मारलीही, जेवढा हात पुरला तेवढी. मग पुन्हा हॉर्न वाजला.

“आणि मिलादिनकाका?”

“तो मामा बघितल्याशिवाय गाडीतून उतरणार नाही.” ग्वोझ्देनकाकांनी छताकडे बघितलं आणि छातीवर क्रूस काढला. “मामाला जावं लागेल, पोरा.”

“कुठं?”

काकांनी पुन्हा छताकडे बघितलं.

ते वर आले. अंगणात येऊन ग्वोझ्देनकाकांनी टोपी छातीशी धरली. “मंडळी, रास्त्कोला आत्ताच फोन आला. वेलिझारमामा गेले.”

हॉर्न थांबला. मिलादिन गाडीतून उतरले आणि चालायचे विसरून दाराला धरून उभे राहिले. “आपण निघालो होतो रे!” ते म्हणाले. “आपण निघालोच होतो!” ते टेबलापाशी आले, सगळ्यांचे पेले भरले, आणि रीतीप्रमाणे मेलेल्याच्या नावानं थोडी थोडी जमिनीवर सांडली. देव त्याला क्षमा करो. मेलेल्याच्या नावाचा घोट अँटिबायोटिक्सवाल्यालाही चुकत नाही. रास्त्कोनं डोळे मिटून घेतला. गोठा त्याच्या घशातून जळत खाली गेला. त्याला ठसका लागला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि मिलादिननं त्याला पोटाशी धरलं.

“रड पोरा, रड. अशा माणसासाठी रडायचं नाही तर कोणासाठी?”

“अहो, फोन नव्हता ना त्यांच्याकडे?” स्तानिकाकाकू म्हणाल्या. “मग फोन केला कोणी?”

“मामीनं,” ग्वोझ्देनकाका म्हणाले. “ती फोन असलेल्या गावात राहते.”

“हो, बरोबर.” काकूंनी डोळे पुसले आणि मग एकदम पदर पडावा तसा त्यांचा चेहरा पडला. “पण मग आता वर्षभर काही नाही! मामा म्हणजे जवळचं माणूस. दुखवट्यात लग्न कसं करायचं? ना गाणं ना वाजंत्री. वर्षभर थांबायचं, देवा!”

ग्वोझ्देनकाका रास्त्कोकडे आख्खे वळले. एवढा मोठा माणूस, पण या बाजूनं त्यांनी विचारच केला नव्हता. नेवेना पांढरीफटक पडली. तिला तळघरातलं काहीच माहीत नव्हतं. मामा तिनंच वाढवला होता, तिनंच त्याला बाग दिली होती, पाय अधू केला होता, आणि आता तोच तिच्या लग्नावर वर्षभर आडवा पडणार होता.

“नाही,” रास्त्को डोळे पुसत म्हणाला. “ते गेले मागच्या वर्षी.”

“काय?”

“वर्ष होऊन गेलं. बातमी आज पोचली. फोन नाही ना त्यांच्याकडे.”

कोंबड्या टोचायच्या थांबल्या. सगळे मिलादिनकडे बघत होते, कारण शंका काढायची त्यांची ख्याती होती. मिलादिननं बराच विचार केला.

“खरंय,” ते शेवटी म्हणाले. “बायको उगाच का सोडून गेली असेल?”

“म्हणजे वर्ष सरलं?” काकूंनी विचारलं.

“सरलं.”

“आणि ती अँटिबायोटिक्स?”

“लागू पडली नाहीत.”

काकूंनी दीर्घ श्वास सोडला. मग टॉवेल सोडून पोळी टेबलावर ठेवली, आणि नेवेनाला म्हणाल्या, “आता तरी नीट बस की त्याच्या शेजारी.” नेवेना इतकी जवळ येऊन बसली की रास्त्कोचा काटा प्लेटमधून पडला. “तू माझ्या मामाला मारलंस,” ती त्याच्या कानात म्हणाली. “वडिलांना विचार,” तो म्हणाला. पोळी अजून गरम होती. तारीख आलुबुखार उतरल्यानंतरची ठरली. उतरायला झाडावर काय आहे हे ग्वोझ्देनकाकांनी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. त्या दिवशी रास्त्कोनं आख्ख्या जन्मात जेवढं खाल्लं नव्हतं तेवढं खाल्लं, आणि एकदाही पळाला नाही.

बाटलीत उरलेली मिलादिननं मागून घेतली. जगात आता एवढीच शिल्लक, असं म्हणून त्यांनी ती घरी संतांच्या चित्राशेजारी ठेवली. आठवडाभर त्यांना चैन पडलं नाही. मग ते जत्रेच्या समितीपुढे उभे राहिले आणि बोलले, आणि लोक सांगतात, तसं ते पूर्वी कधी बोलले नव्हते. समितीनं एकमतानं ठरवलं, की यंदापासून पहिल्या नंबराच्या चषकाला वेलिझारमामांचं नाव द्यायचं. अनुमोदन ग्वोझ्देनकाकांना द्यावं लागलं. चषकावर जन्म आणि मृत्यूचं साल कोरायचं, तर समितीच्या चिटणीसबाईंना दाखला हवा. दाखला आणायची जबाबदारी अर्थातच जवळच्या नातेवाइकावर आली.

रास्त्कोनं चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना, बसून अर्ज लिहिला. तो असा:

“मा. जन्म-मृत्यू निबंधक यांस,

विषय: मृत्यूचा दाखला मिळण्याबाबत.

महोदय, अर्जदाराचे मामा वेलिझार हे गेल्या वर्षी डोंगरात वारले. त्यांच्या जन्माची नोंद आपल्या दप्तरी आढळत नाही, असे आपल्या कार्यालयाने तोंडी कळवले. याबाबत अर्जदाराची काहीही तक्रार नाही. नोंद बरोबर आहे. तथापि केवळ जन्म झाला नाही या एका त्रुटीमुळे त्यांचा मृत्यू अडवून धरण्यात येऊ नये, कारण त्यावर अर्जदाराचे लग्न ठरलेले असून ते आता मागे घेता येणार नाही. सबब, सदर मामांस मागील वर्षाच्या तारखेने मृत घोषित करावे. नियमांत तसे बसत नसल्यास, आपण त्यांना कृपया प्रथम जन्मास घालावे आणि त्याच दिवशी, कार्यालयीन वेळेत, मृत घोषित करावे, ही नम्र विनंती.”